फायरबॉल कापू नकोस, दिवस लांबव

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो. पाच जणांची पार्टी आहे, सगळे सातव्या लेव्हलला. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स (टेबलाभोवती बसून, फासे टाकत गोष्ट रचायचा खेळ), पाचवी आवृत्ती, २०१४ चे नियम. विझर्ड (जादूगार), फायटर (लढवय्या), क्लेरिक (पुजारी), वॉरलॉक (करार करून जादू मिळवणारा) आणि एक रोग (हा शब्द मराठीत लिहिला की काय होतं बघ, म्हणून मी पुढे ‘चोर’ म्हणणार). गेल्या चार सेशनमध्ये प्रत्येक लढाई विझर्डने दुसऱ्या राउंडलाच निकालात काढली. फायटर खेळणारा मित्र आता स्वतःची पाळी येईपर्यंत मोबाइल बघत बसतो. म्हणून फायरबॉल, म्हणजे विझर्डचा आगीच्या गोळ्याचा स्पेल (मंत्र), ८डी६ वरून (सहा बाजूंच्या आठ फाशांच्या बेरजेइतकं नुकसान) ६डी६ करायचा आणि फायटरला +२ ची तलवार (हल्ला आणि नुकसान दोन्हीत दोनची भर) द्यायची असं तू ठरवलंयस, आणि विचारतोयस, ‘दादा, एवढं पुरेल ना?’

नाही पुरणार. उलट विझर्डवाला रुसेल, आणि फायटरवाला मोबाइल काही खाली ठेवणार नाही.

तुझ्या प्रश्नातलं एक वाक्य मी दोनदा वाचलं. तू सहज लिहून गेलायस की दहा वाजता सगळ्यांना निघायचं असतं, म्हणून सेशनमध्ये एक मोठी लढाई होते आणि मग पार्टी मुक्काम करते. पुढच्या शनिवारी सगळे ताजेतवाने. तुझं दुखणं इथे आहे. तुमचं सेशन संपलं की गोष्टीतला दिवसही संपतो. दोन लाँग रेस्टच्या (रात्रभराचा मुक्काम, ज्यात खर्चलेली जादू भरून येते) मध्ये एकच लढाई होते, आणि विझर्डला ते पक्कं ठाऊक आहे. मग त्याने हात आखडता का घ्यावा?

२०१४ च्या डीएमसाठीच्या (डंजन मास्टर, म्हणजे तुझ्यासारखा खेळ चालवणारा) पुस्तकात पार्टीने एका दिवसात मध्यम ते कठीण अशा सहा ते आठ चकमकी पेलाव्यात आणि मध्ये साधारण दोन शॉर्ट रेस्ट (तासाभराची विश्रांती) घ्याव्यात, असा हिशेब दिला आहे. बहुतेक डीएम ते पान वाचतात आणि विसरतात, कारण प्रत्यक्षात कुणाच्याच टेबलावर आठ चकमकी होत नाहीत. माझ्याही होत नाहीत. पण क्लासेसची (विझर्ड, फायटर असे पात्रांचे प्रकार) मापं त्याच दिवसावर बेतलेली आहेत. फायटरचा माल संपत नाही, विझर्डचा संपतो. तो कधीच संपू दिला नाही, तर फायटरची निम्मी किंमत आपणच काढून घेतलेली असते. एका षटकाचा सामना ठेवायचा आणि कसोटीच्या फलंदाजाला संथ म्हणून नावं ठेवायची, त्यातला प्रकार.

आकडे मांडून बघू. समोर ट्रोल धर. आर्मर क्लास १५ (घाव लागायला फासा आणि भर मिळून एवढे हवेत), हिट पॉइंट ८४ (एवढं नुकसान सोसतो), डेक्स्टेरिटीच्या सेव्हला (चपळाईने वाचायच्या फाशाला) +१.

तुझा फायटर दोन हातांची मोठी तलवार घेतो, स्ट्रेंग्थ १८. म्हणजे हल्ल्याला +७, आणि १५ ला लागायला वीस बाजूंच्या फाशावर ८ किंवा जास्त हवेत, ६५ टक्के. एका घावाचे सरासरी ११, राउंडला दोन घाव, क्रिटिकलचा (फाशावर २० पडले की नुकसानीचे फासे दुप्पट) थोडा हिस्सा धरून राउंडला साधारण १५. ॲक्शन सर्ज (एका पाळीत दुप्पट हल्ले, पुढच्या विश्रांतीपर्यंत एकदाच) वापरला त्या राउंडला ३०. चार राउंडची एकच लढाई असेल तर त्याच्या खात्यात ७५ जमा.

विझर्डचा सेव्ह डीसी १५, म्हणजे सेव्ह करायला समोरच्याला फासा आणि भर मिळून १५ हवेत. ट्रोल ३५ टक्के वेळा सेव्ह करणार आणि अर्धं नुकसान घेणार. २८ सरासरीचा फायरबॉल प्रत्येक ट्रोलमागे २३ च्या आसपास पडतो. चार ट्रोल एका घोळक्यात सापडले तर एका स्पेलचे ९२. त्याच्याकडे तिसऱ्या लेव्हलचे तीन स्लॉट (एक स्लॉट खर्चून एक स्पेल) आणि चौथ्याचा एक. चारही राउंड फायरबॉल टाकले तर ३८० च्या घरात. फायटरच्या पाचपट! मित्राने मोबाइल काढला तर त्याचं काय चुकलं?

आता तीच माणसं, तोच दिवस, पण सहा लढाया, एकूण चोवीस राउंड आणि दोन शॉर्ट रेस्ट. फायटरचे तीन ॲक्शन सर्ज धरून त्याचे होतात ४०५. विझर्डला आर्केन रिकव्हरीने (शॉर्ट रेस्टला थोडे स्लॉट परत मिळायची त्याची सोय) तिसऱ्या लेव्हलचा एक स्लॉट परत मिळतो, म्हणजे दिवसाचे पाच फायरबॉल. ते संपले की उरलेले एकोणीस राउंड फायरबोल्ट (स्लॉट न लागणारा छोटा स्पेल), सरासरी साडेसात-आठ. प्रत्येक वेळी चार ट्रोल नीट घोळक्यात उभे मिळाले तरच तो ६२० वर जातो, म्हणजे फायटरच्या दीडपट. आणि लढाया एकट्यादुकट्या ट्रोलशी झाल्या तर? पाच फायरबॉलचे ११५-१२०, फायरबोल्टचे दीडशेच्या आत, सगळं मिळून २७० च्या खाली. फायटर तिथेच, ४०५ वर. खरा दिवस या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असतो. तिथे दोघांची तुलना होऊ शकते.

तुझा उपाय याच हिशेबात घालून बघ. ६डी६ केलास तर चार ट्रोलवर ९२ चे ६९ होतात. +२ तलवारीने फायटर १५ वरून २० वर जातो. ६९ विरुद्ध २०. इतकी उठाठेव करून तू पोहोचलास तिप्पट-साडेतीनपटीवर, आणि मोबाइल जिथल्या तिथे.

वॉरलॉकबद्दल तू काहीच विचारलं नाहीस, पण मला खरी दया त्याची येते. सातव्या लेव्हलला विझर्डकडे अकरा स्लॉट असतात, वॉरलॉककडे दोन. दोन! ते चौथ्या लेव्हलचे असतात आणि प्रत्येक शॉर्ट रेस्टला परत येतात, हाच त्याचा सौदा. दिवसात दोन शॉर्ट रेस्ट मिळाल्या तर सहा स्लॉट, झकास. तुमच्याकडे शॉर्ट रेस्ट होतच नाही, त्यामुळे तो बिचारा सगळा खेळ दोन स्लॉटवर ओढतोय आणि तक्रारही करत नाहीये. तो नवीन खेळाडू असणार.

मीही हे सगळं करून बसलोय. पाचवी आवृत्ती नवी होती तेव्हा एका कॅम्पेनमध्ये (अनेक सेशन चालणारी एक गोष्ट) मी फायरबॉलला कात्री लावली होती. विझर्ड खेळणारी मुलगी हुशार. एक शब्द बोलली नाही. पुढच्या लेव्हलला तिने हिप्नॉटिक पॅटर्न घेतला. तीस फुटांचा चौकोनी ठोकळा, विझडमचा (मनाने तग धरायचा) सेव्ह, आणि सेव्ह चुकला की शत्रू जागच्या जागी खुळावल्यासारखा उभा. ट्रोलचा विझडम -१, म्हणजे डीसी १५ समोर तो चारात एकदाच वाचतो. पहिल्याच राउंडला चारातले तीन ट्रोल लढाईतून गायब, आणि उरलेल्या एकाला पाच जणांनी मिळून कुटलं. नुकसान शून्य. माझी कात्री नुकसानीला लागली होती, आणि विझर्डची ताकद नुकसानीत कधी नव्हतीच. फायरबॉल तर त्यातला प्रामाणिक स्पेल, आवाज करून येतो आणि निदान फायटरला मारायला काहीतरी शिल्लक ठेवतो. तो कापलास तर विझर्डवाला याच रस्त्याने जाणार, आणि मग तू काय काय कापत बसशील?

हे भांडण काही आजचं नाही. १९७४ चा मूळ खेळ युद्धखेळांच्या टेबलावरून उठून आला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी त्यात तीनच क्लास ठेवले होते, फायटिंग-मॅन, मॅजिक-यूजर आणि क्लेरिक. तेव्हा तोल एका लढाईत नव्हताच, सगळ्या कॅम्पेनभर पसरलेला होता. मॅजिक-यूजर पहिल्या लेव्हलला दिवसाला एक स्पेल टाकायचा, मूठभर हिट पॉइंटवर जगायचा, आणि दुसऱ्या लेव्हलला जायला त्याला २५०० एक्सपी (अनुभवाचे गुण) लागायचे. फायटिंग-मॅनला २०००. बहुतेक मॅजिक-यूजर वाटेतच मरायचे, जो जगला तो राजा. क्रूर पण सरळ सौदा होता. २००० च्या तिसऱ्या आवृत्तीने सगळ्यांना एकच एक्सपी तक्ता दिला आणि स्पेल टाकणंही पुष्कळ सोपं केलं. किंमत काढून घेतली आणि माल तसाच ठेवला. वरच्या लेव्हलला फायटर ओझं वाहायच्या कामाचा उरला. २००८ च्या चौथ्या आवृत्तीने उलटं टोक गाठलं. प्रत्येक क्लासला सारख्याच साच्यातल्या पॉवर्स, काही हव्या तेव्हा, काही लढाईत एकदा, काही दिवसात एकदा. तोल उत्तम होता, मी आजही त्या आवृत्तीची बाजू घेऊन भांडतो, पण लोकांना सगळे क्लास सारखेच लागले आणि खेळ दुभंगला. पाचवीने क्लास पुन्हा वेगळे केले आणि तोल सांभाळायचं काम दिवसाकडे, म्हणजे डीएमकडे, सरकवलं. बरं, ते धड बजावूनही सांगितलं नाही. २०२४ च्या नव्या डीएम-पुस्तकातून तर दिवसाचा तो हिशेब गायबच आहे.

आता तुझ्या टेबलावर काय करायचं ते बघू.

पहिलं म्हणजे सेशन आणि दिवस यांची फारकत कर. दहा वाजले की खेळ थांबव, पण पार्टीला झोपवू नकोस. जिथे आहेत तिथे, गुहेच्या तोंडाशी, पुलावर, रक्ताने माखलेल्या कपड्यांत. प्रत्येकाच्या कॅरेक्टर शीटचा फोटो ग्रुपवर टाकायला सांग, हिट पॉइंट आणि उरलेले स्लॉट दिसतील असा. एवढं केलंस तरी निम्मं काम झालं. आमचा एक दिवस एकदा चार शनिवार चालला होता. चौथ्या शनिवारी विझर्डवाली फोटोतला एकच उरलेला स्लॉट बघून म्हणाली, ‘हा महिनाभर जपून ठेवलाय मी.’ इतक्या प्रेमाने मी कुणाला स्लॉट जपताना पाहिलं नव्हतं.

नियमांतलं एक वाक्यही टेबलावर मोठ्याने वाचून दाखव. चोवीस तासांत एकाच लाँग रेस्टचा फायदा मिळतो. सकाळी नऊला लढाई झाली म्हणून साडेनऊला झोपता येत नाही. बऱ्याच टेबलांना हे माहीतच नसतं.

मग तुझ्या लढाया फोड. चार ट्रोल एकदम सोडले तर त्याच पुस्तकाच्या हिशेबाने, गुणक (शत्रू एकत्र असले की धोका वाढवणारा आकडा) धरून, ती १४,४०० एक्सपीची लढाई होते. तुझ्या पाच जणांच्या पार्टीचा अख्ख्या दिवसाचा कोटा २५,०००. म्हणजे निम्म्याहून जास्त दिवस तू एकाच घोळक्यात ओततोयस, तोही नेमका फायरबॉलच्या मापाचा. तेच ट्रोल दोन-दोन करून आण. दोन गुहेत, दोन शिकारीला गेलेले, ते तासाभराने परत येतात. आता ५,४०० च्या दोन लढाया झाल्या, आणि पहिल्या दोघांवर फायरबॉल खर्चावा का हा प्रश्न विझर्डला पडला. मध्ये शॉर्ट रेस्ट घ्यायची की ट्रोल परत यायच्या आत निघायचं हा प्रश्न सगळ्या टेबलाला पडला. सहा लढाया नको करूस, तीन पुरतात. फक्त पुढे आणखी काही आहे का, हे खेळाडूंना नक्की कळता कामा नये.

आणि झोपण्याची किंमत ठेव. पार्टी मुक्काम करते त्या रात्री शत्रू हातावर हात धरून बसत नाही. ओलीस दुसरीकडे हलवले जातात, पूल तोडला जातो, चंद्र पूर्ण होतो. त्या पुस्तकात एक पर्यायी नियमही आहे, शॉर्ट रेस्ट आठ तासांची आणि लाँग रेस्ट सात दिवसांची. जंगलातल्या लांब प्रवासाच्या कॅम्पेनला तो छान बसतो. गुहा-तळघरांच्या कॅम्पेनमध्ये मी तो लावत नाही. आठ तास टिकणारे मेज आर्मरसारखे स्पेल त्यात भिकेला लागतात आणि भलत्याच तक्रारी सुरू होतात.

एक मोह मात्र टाळ. आगीने न जळणारे राक्षस आणायचे, प्रत्येक शत्रूच्या टोळीत काउंटरस्पेलवाला (दुसऱ्याचा स्पेल मोडणारा) ठेवायचा, हे करू नकोस. एकदा केलंस तर आव्हान, तिसऱ्यांदा केलंस तर खुन्नस. खेळाडूला ते लगेच कळतं. त्यापेक्षा जागा बदल. फायरबॉलचा व्यास चाळीस फूट, नकाशावर आठ चौकोन. शत्रू दोन मजल्यांवर विभाग, किंवा लढाई धान्याच्या कोठारात लाव. त्या आगीत कुणाच्या अंगावर नसलेल्या जळाऊ वस्तू पेट घेतात, आणि गावकऱ्यांचं वर्षाचं धान्य जाळून जिंकणं विझर्डलाही जड जातं. हिप्नॉटिक पॅटर्नला कॉन्सन्ट्रेशन (मार बसला की तुटू शकणारी एकाग्रता) लागतं, आणि विझर्डला कॉन्स्टिट्यूशनच्या सेव्हचं प्रावीण्य नसतं. शत्रूचे दोन तिरंदाज विझर्डवर बाण सोडतील तर ती खुन्नस नाही, अक्कल आहे. मग त्या तिरंदाजांपर्यंत कुणीतरी पोहोचायला हवं, आणि तिथे तुझ्या चोराला काम मिळतं.

फायटरबद्दल थोडं वेगळं. त्याचं दुखणं नुसतं आकड्यांचं नाही. त्याच्या पाळीला तो ‘मी मारतो, परत मारतो’ म्हणतो आणि संपलं. विझर्ड त्याच्या पाळीला दहा गोष्टींतून निवडतो. +२ तलवारीने तो जास्त मारेल, निवडणार काहीच नाही. तो बॅटल मास्टर (फायटरची डावपेचांची सबक्लास, म्हणजे उपप्रकार) असेल तर सातव्या लेव्हलला त्याच्याकडे डावपेचांसाठी पाच डी८ (आठ बाजूंचे फासे) आहेत आणि तेही शॉर्ट रेस्टला परत येतात, म्हणजे शॉर्ट रेस्ट सुरू केल्यास तोही सुखावेल. चॅम्पियन (फायटरची साधी सबक्लास) असेल तर त्याच्याकडे निवडायला काहीच नाही, तेव्हा २०२४ च्या नियमांतलं वेपन मास्टरी (प्रत्येक हत्याराची एक खास करामत) उचल आणि तुझ्या टेबलावर बिनधास्त लाव. मोठ्या तलवारीने चुकला तरी स्ट्रेंग्थइतकं नुकसान, मॉलने (दोन हातांचा मोठा हातोडा) समोरच्याला आडवं पाडायची संधी, हॅलबर्डने (लांब दांड्याची कुऱ्हाड) शेजारच्यालाही फटका. मग तो लढाईआधी कुठलं हत्यार काढू असा विचार करायला लागतो. मी हे मध्येच सुरू केलं तेव्हा कुठलीच मोडतोड झाली नाही.

शेवटी एक प्रसंग सांगतो, कारण लांबलेला दिवस टेबलावर कसा दिसतो ते आकड्यांत येत नाही. आमच्या पार्टीत दगडू लोखंडे नावाचा बुटका फायटर होता. प्लेट आर्मर आणि ढाल, आर्मर क्लास २०, हातात घणासारखा हातोडा. खेळणारा मित्र हिशेबनीस, मार्च महिन्यात अर्धमेला होऊन यायचा. दिवसातली पाचवी चकमक होती. पार्टी पळत पळत एका पाणचक्कीत शिरली, मागे तीन ओग्र (धिप्पाड राक्षस). विझर्डकडे स्लॉट शून्य. क्लेरिककडे पहिल्या लेव्हलचा एक. चोर नऊ हिट पॉइंटवर.

सगळे नकाशाकडे बघत बसले. चक्कीचं दार एका चौकोनाचं, पाच फूट. हिशेबनीस बराच वेळ काही बोलला नाही. मग त्याने दगडूची सोंगटी उचलली आणि दारात न ठेवता एक चौकोन आत ठेवली.

‘दारात का नाही?’ मी विचारलं.

‘दारात उभा राहिलो तर तो बाहेरून मारेल. आत आहे म्हटल्यावर त्याला दारात घुसावं लागेल. ओग्र लार्ज आहे ना, दोन चौकोन रुंद? मग तो दाटीवाटीने शिरणार.’

बरोबर होतं. पुस्तक उघडायचीही गरज नव्हती. दाटीत घुसलेल्या प्राण्याच्या हल्ल्याला डिसॲडव्हान्टेज (दोन फासे टाकून कमी तो धरायचा), आणि त्याच्यावरच्या हल्ल्याला ॲडव्हान्टेज (जास्त तो धरायचा). ओग्रला २० च्या आर्मर क्लाससाठी फाशावर १४ हवे होते, तेही दोन्ही फाशांवर. आठातून जेमतेम एक वेळा. तीन ओग्र एकामागून एक त्या दारात येत गेले आणि दगडू त्यांना ठोकत गेला. विझर्डवाली मागून फायरबोल्ट टाकत होती आणि प्रत्येक वेळी विचारत होती, ‘दगडूशेठ, तुम्ही ठीक आहात ना?’ साडेदहा वाजले तरी कुणी उठलं नाही.

त्या लढाईसाठी मी एकही नियम बदललेला नव्हता. फायरबॉल ८डी६ च होता, फक्त तो टाकायला स्लॉट नव्हता.

येत्या शनिवारी मुक्काम करू नका, चकमकीनंतर एक तासाची शॉर्ट रेस्ट घ्या आणि तिथेच थांबा. विझर्डवाल्याला आधी फोन करून सांग की त्याचं काहीही कापलेलं नाही, फक्त दिवस मोठा होणार आहे, स्पेल त्या हिशेबाने निवड. हे न सांगता केलंस तर त्याची फसवणूक झाल्यासारखं होईल. वॉरलॉकवाल्याला वेगळं काही सांगू नकोस, पहिल्या शॉर्ट रेस्टला त्याचे दोन्ही स्लॉट परत आले की त्याचं त्यालाच कळेल. आणि फायटरची सबक्लास तू लिहिलीच नाहीस, ती कळव. चॅम्पियन असेल तर वेपन मास्टरी कुठल्या हत्यारापासून सुरू करायची ते नीट ठरवू.